जप्त वस्तू क्रमांक सतरा

नाव: श्री. विनायक बळवंत केळशीकर. वय: बहात्तर वर्षे. पद: अनुभाग अधिकारी (निवृत्त), अभिलेख कक्ष, केंद्र सरकारचे एक मंत्रालय. निवास: पूर्वी आर. के. पुरम येथील सरकारी क्वार्टर. हल्ली मयूर विहार, सहकारी सोसायटी, तिसरा मजला. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. शेरा: सदर अधिकाऱ्याच्या चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या ताब्यातील एकही अभिलेख गहाळ झालेला, वाळवीने खाल्लेला अथवा वापरण्यास निकामी झालेला नाही, असे प्रमाणित करण्यात येते.

हा शेरा निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या प्रमाणपत्रातला आहे. प्रमाणपत्र हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेलं आहे आणि त्याच्या फ्रेमच्या मागे एक नोंद क्रमांक आहे, कारण त्या घरात प्रत्येक वस्तूला नोंद क्रमांक आहे. कुकरला आहे, मिक्सरला आहे, गणपतीच्या चौरंगाला आहे. चौरंगाचा नंबर खालच्या बाजूला आहे, देवाला दिसू नये एवढी काळजी घेऊन.

केळशीकरांचा हात जड. ते एकोणऐंशी साली कारकून म्हणून दिल्लीला लागले तेव्हा त्यांच्या विभागातल्या साहेबांची एक सवय होती. मूळ कागदाखाली तीन कार्बन घालून लिहिलेलं काहीही समोर आलं, की ते आधी सगळ्यात खालची प्रत बघत. ती वाचता आली नाही, तर वरची कितीही सुंदर असो, चारही फाडत. केळशीकरांची एकही प्रत फाडली गेली नाही. पुढे कार्बन गेले, झेरॉक्स आलं, कॉम्प्युटर आले, ते साहेबही गेले. हात तेवढा राहिला. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधलं त्यांचं लाकडी टेबल आता मयूर विहारला आहे. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं की त्यावर वीस वर्षांचे अर्ज एकावर एक दिसतात. सुमित्राबाई त्यावर कधी पोळ्या लाटत नाहीत. म्हणतात, "पोळीवर तुमचा रजेचा अर्ज उमटतो."

त्यांना एकच मुलगी, स्वरूपा. तिच्या बाबतीत सांगायची पहिली गोष्ट म्हणजे दोन हजार सहा सालची, ऑक्टोबरमधली.

तेव्हा ती दहावीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस म्हणून कॉम्प्युटर गेमची एक सीडी मिळाली होती. नाव 'डाकबोट'. हैदराबादच्या कुठल्याशा छोट्या कंपनीने शाळांसाठी केलेला गेम. आपण एका बोटीचे कप्तान. समुद्रात बारा टापू. प्रत्येक टापूवर टपाल पोचवायचं आणि तिथलं काहीतरी कोडं सोडवलं की पुढच्या टापूचा रस्ता उघडतो. मारामारी नाही, आवाज जवळजवळ नाही. पोस्टमनची नोकरी, फक्त पाण्यावर. सीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय गेम चालत नसे. स्वरूपाचा सातवा टापू पुरा झाला तेव्हा सहामाहीचा निकाल आला आणि गणितात एकसष्ट पडले.

दुसऱ्या कुठल्याही घरात सीडी कपाटावर फेकली गेली असती, दोन दिवस रडारड झाली असती आणि तिसऱ्या दिवशी आईने ती गुपचूप खाली काढून दिली असती. केळशीकरांनी ती जप्त केली. जप्त वस्तूंची त्यांच्याकडे वेगळी वही होती. त्यात आधी सोळा नोंदी होत्या, त्यातल्या नऊ गोट्यांच्या आणि कॉमिक्सच्या. सीडी सतरावी. वहीत लिहून झाल्यावर त्यांनी सीडीवरही लिहिलं, पाकीट आणि वस्तू एकमेकांपासून वेगळी झाली तर पंचाईत नको म्हणून. मग गेम कॉम्प्युटरमधून काढायला लावला, सीडी खाकी पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली आणि मुलीला पावती दिली.

पावतीत अट होती. बोर्डाच्या परीक्षेत पंच्याऐंशी टक्के वा त्याहून अधिक गुण मिळाल्यास वस्तू परत करण्यात येईल.

तिला चौऱ्याऐंशी पॉइंट सहा मिळाले.

"अहो, पॉइंट चारसाठी?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"अट मी घातली. मीच मोडली तर तिने त्यातून काय शिकायचं?"

स्वरूपाने पुन्हा कधी सीडी मागितली नाही. केळशीकरांनी याचा अर्थ असा लावला की तिला मुद्दा पटला.

पुढची सतरा-अठरा वर्षं थोडक्यात. ती इंजिनीअर झाली, नोएडात नोकरीला लागली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. लग्नाचं दोनदा ठरत आलं आणि दोनदा तिनेच नको म्हटलं. कॉलेजात गेल्यापासून ती घरीसुद्धा अर्धं हिंदीत बोले. "बिल्कुल", "अच्छा ठीक आहे", "चलो, बघू." गेल्या मार्चमध्ये तिच्या उजव्या हातातून माऊस सुटायला लागला. एप्रिलमध्ये डोक्यात गाठ निघाली, डावीकडे. मेमध्ये ऑपरेशन, मग रेडिएशन, मग तीन महिने सगळं बरं चालल्यासारखं आणि ऑक्टोबरच्या शेवटी गाठ परत. ऑफिसने लॅपटॉप परत मागवून घेतला आणि बरी झालीस की ये असं लिहिलं. ती आईवडिलांकडे आली.

डॉक्टरांनी केळशीकरांना बाहेर बोलावून सांगितलं की आधी हात जाईल, मग बोलणं, मग समजणं. दोन महिने, कदाचित थोडे कमी. केळशीकरांनी ते पुन्हा सांगायला लावलं आणि डायरीत त्याच क्रमाने लिहून घेतलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वरूपाने आईला तिची सर्टिफिकिटांची फाइल आणायला सांगितली. डाव्या हाताने, वेळ घेत, तिने दहावीच्या मार्कशीटमागचा एक घडी केलेला कागद काढला.

"बाबा, ही पावती आहे माझ्याकडे."

केळशीकरांनी चष्मा लावला. कागद त्यांचाच होता.

"अटीत शिथिलता मिळू शकते का? विशेष बाब म्हणून."

"सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागेल," ते म्हणाले. विनोद करायची त्यांना सवय नव्हती, पण हे जमून गेलं.

"कोण आहेत सध्या?"

"मीच."

"मग बघा ना साहेब. पाच टापू राहिलेत माझे. वाचता येत नाही आता, अक्षरं उड्या मारतात. टीव्हीने डोकं दुखतं. त्या गेममध्ये काही वाचायला लागत नव्हतं. डाव्या हाताने होईल."

मान्यता तिथल्या तिथे मिळाली. केळशीकरांनी लोखंडी कपाट उघडलं आणि चौथ्या मिनिटाला पाकीट तिच्या मांडीवर होतं. लाख जशीच्या तशी. "बघ," ते सुमित्राबाईंना म्हणाले. त्या आवाजात बऱ्याच दिवसांनी थोडा आनंद होता. पाकिटातून सीडी निघाली. खालची बाजू आरशासारखी. वर, चंदेरी रंगावर, डाकबोटीच्या चित्राच्या आरपार, निळ्या बॉलपेनने: ज-१७/२००६. कु. स्वरूपा वि. केळशीकर यांजकडून जप्त. दि. २३ ऑक्टोबर. आणि सही.

"बोटीवर सही केलीत," स्वरूपा म्हणाली.

"जागा तेवढीच होती."

दुसऱ्या मजल्यावर अनुराग राहतो. पुण्याचा, चाळिशीचा, गुरगावात कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो आणि आठवड्यातले तीन दिवस घरून करतो. त्याला बोलावलं. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नव्हती. आता कुठल्याच लॅपटॉपला नसते, हे केळशीकरांना तेव्हा कळलं. त्याने वायरने जोडायचा ड्राइव्ह मागवला. ड्राइव्ह आला, सीडी आत गेली, फिरली आणि काहीच झालं नाही.

"काका, हे खूप जुनं आहे. आत्ताची सिस्टिम त्याला ओळखतच नाही."

"मग?"

"मग लॅपटॉपच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करावा लागेल. म्हणजे खोटा. सॉफ्टवेअरने. गेमला वाटेल की दोन हजार सहा साल आहे."

"करा," केळशीकर म्हणाले. दोन हजार सहा साल त्यांना चालणार होतं.

त्याच दिवशी त्यांनी फाइल उघडली. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, मध्ये टॅग. केंद्र सरकारात चौतीस वर्षं त्यांनी इंग्रजीत आणि हिंदीत टिपण्या लिहिल्या. घरची फाइल मराठीत. पहिला परिच्छेद: "विषयांकित सीडी संगणकावर प्रस्थापित होत नसल्याचे निदर्शनास आले आहे. कारणांचा शोध घेऊन अहवाल सादर करावा." खाली सही. मग स्वतःच दुसऱ्या परिच्छेदात त्या आदेशाची नोंद घेतली.

खोटा जुना कॉम्प्युटर उभा करायला अनुरागला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी लॅपटॉप स्वरूपाच्या पलंगाला जोडलेल्या टेबलावर ठेवला आणि पडद्यावर डाकबोट आली. छोटी, जाडजूड, लाल धुराड्याची. तिच्याखाली निळी पट्टी भरू लागली. दहा टक्के. तीस. स्वरूपाने डावा हात माऊसवर ठेवला. पन्नास. सुमित्राबाई हातातली कढई घेऊन दारात उभ्या राहिल्या. अडुसष्ट टक्क्यांवर पट्टी थांबली. ड्राइव्ह आत घरघरला, गप्प झाला, पुन्हा घरघरला. पडद्यावर चौकट आली की फाइल वाचता येत नाही.

"पंच्याऐंशीच्या वर गेली तरच द्यायची ना?" स्वरूपा म्हणाली.

कुणी हसलं नाही. तिला कुणीतरी हसायला हवं होतं.

पुढचे अठरा दिवस त्या अडुसष्ट टक्क्यांत गेले. केळशीकरांनी काय काय केलं ते टिपणीत आहे. परिच्छेद अकरा: सीडी मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, पुसली; परिणाम नाही. परिच्छेद बारा: इंटरनेटवरील एका सद्गृहस्थाच्या सल्ल्यानुसार खालच्या बाजूस टूथपेस्ट लावून पुसली, परिणाम नाही, वास येतो. परिच्छेद चौदा: श्री. अनुराग यांनी दुसरा ड्राइव्ह आणला, अडुसष्ट. परिच्छेद पंधरा: श्री. अनुराग यांनी सीडीची नक्कल करण्याचा प्रयत्न केला. नक्कलही त्याच ठिकाणी थांबते. परिच्छेद सोळा: सदर गेम इंटरनेटवर अन्यत्र उपलब्ध आहे काय, याचा शोध घेतला, एका ठिकाणी दोन व्यक्ती हाच प्रश्न विचारताना आढळल्या, उत्तर कोणी दिलेले नाही.

परिच्छेद सतरा हे कंपनीला लिहिलेलं पत्र. गेमच्या मूळ कव्हरवरच्या हैदराबादच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टने, कार्यालयीन प्रतीसह. ते अकराव्या दिवशी परत आलं. असा इसम या पत्त्यावर नाही. केळशीकरांनी लिफाफा न फाडता फाइलला लावला.

खालची बाजू त्यांनी रोज भिंगाने तपासली. एक ओरखडा नव्हता. अठरा वर्षं लाखेखाली होती, येणार कुठून? कुठलीही चूक खालून शोधत जायची, ही ऑफिसातली रीत. तिथे ती बहुतेक वेळा खालीच सापडते, कारण वर शोधायला कोणी जात नाही.

तिकडे पलंगावर क्रम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालला होता. उजवा हात पूर्ण गेला. मग शब्द जायला लागले, आणि तेही ओळीने. आधी इंग्रजी गेलं. ज्या भाषेत ती अकरा वर्षं पगार घेत होती त्या भाषेत तिला "फॅन" म्हणता येईना. मग हिंदी गेली. मराठी राहिली, पण दिल्लीत वाढलेल्या मुलीची मराठी, तीत पंखा होता, पण गवाक्ष, उंबरठा असलं काही आधीपासूनच नव्हतं. चमच्याला एकदा ती "वल्हं" म्हणाली. हा शब्द तिने कुठून आणला ते सुमित्राबाईंना कळलं नाही. केळशीकरांना कळलं. गेमची एक पुस्तिका होती, ती त्यांनीच तिला मराठीत सांगितली होती, जप्तीच्या आधी.

रोज संध्याकाळी अनुराग यायचा आणि पट्टी चालू करायचा. गेम नाही तर नाही, ती पट्टी तरी तिला बघायला आवडू लागली होती. बोट दिसायची, निळं पाणी भरायचं, अडुसष्टला थांबायचं.

"आज?" ती विचारायची.

"आज पण तेवढंच," अनुराग सांगायचा. एकदा तो बाहेर जिन्यात केळशीकरांना म्हणाला, "काका, माझ्याकडून सगळं झालंय. आता दोष डिस्कमध्येच आहे. नेहरू प्लेसला एक अंकुर म्हणून माणूस आहे, बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देतो. त्याला दाखवा. पण लवकर जा."

"लवकर" कशासाठी ते दोघांनाही माहीत होतं. केळशीकर दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. फाइल पिशवीत, सीडी छातीच्या खिशात. मयूर विहारहून मेट्रोने मंडी हाउस, तिथे गाडी बदलून नेहरू प्लेस. डबा भरलेला होता. एका मुलीने त्यांना जागा दिली आणि ते खिशावर हात ठेवून बसले.

अंकुरचं दुकान पहिल्या मजल्यावर, एका माणसाच्या रुंदीचं. तो स्वतः पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला, समोर उघड्या हार्डडिस्कांची रास. केळशीकरांनी फाइल उघडून परिच्छेद एकपासून सांगायला सुरुवात केली.

"अंकल, डिस्क दिखाइए."

त्याने सीडी कुठल्याच यंत्रात घातली नाही. खालची बाजू बघितली, मान डोलावली. मग उलटी केली. वरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ये किसने लिखा?"

"क्यों?"

अंकुरने सीडी वर ट्यूबलाइटसमोर धरली आणि केळशीकरांना या बाजूला यायची खूण केली. खालून बघताना चकती काळसर दिसत होती. आणि तिच्यातून, उजेडाच्या रेघांनी, आरशातल्यासारखं उलटं, पण सुवाच्य: ज-१७/२००६. नाव. जप्त. तारीख. सहीखालची रेघसुद्धा. जिथे जिथे पेन फिरलं होतं तिथे तिथे पलीकडचा दिवा दिसत होता.

"देखिए अंकल," अंकुर म्हणाला, त्याचा आवाज आता जरा हळू होता, "सीडी का सारा माल ऊपर होता है. इस रंग के ठीक नीचे, बाल बराबर पतली परत है. नीचे तो ख़ाली प्लास्टिक है, उसे आप घिसते रहो, कुछ नहीं होता. लोग उल्टा समझते हैं. ऊपर बॉलपेन से लिख दिया, और लिखा भी ऐसे जैसे पत्थर पर खोद रहा हो. जहाँ लिखा वहाँ का माल गया."

"कितना गया?"

"एक तिहाई समझो."

"वापस...?"

"जो है ही नहीं वो कहाँ से लाऊँ?"

"मार्कर से लिखते तो?"

"मार्कर से लिखते तो आज भी चलती. हल्के हाथ वाला होता तो शायद बॉलपेन से भी चल जाती." त्याने सीडी कापडात ठेवून परत दिली. "किसी बच्चे का काम है?"

"नहीं," केळशीकर म्हणाले. मग फाइल पुढे सरकवून म्हणाले, "ये आप लिखकर दे सकते हैं?"

अंकुरने त्यांच्याकडे बघितलं. मग एका जुन्या बिलाच्या पाठीवर, जाड काळ्या मार्करने, दोन ओळी लिहून दिल्या. केळशीकरांनी तो कागद फाइलला लावला. परतीच्या गाडीत सीडी त्यांनी मांडीवर ठेवली, लिहिलेली बाजू खाली करून.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. स्वरूपा जागी होती. दिवसातला तिचा बरा वेळ हाच असे. सुमित्राबाई तिला पेज भरवत होत्या.

"झालं का काम?" सुमित्राबाईंनी विचारलं. "की अजून एक परिच्छेद वाढला?"

केळशीकर खुर्ची ओढून बसले. सीडी जुनी झाली, एवढं सांगून भागलं असतं. ते खरं वाटलं असतं आणि कोणी तपासायला येणार नव्हतं. पण त्यांनी आयुष्यात कागदावर एक आणि तोंडाने दुसरं कधी केलं नव्हतं. गाडीतच टिपणी लिहून झाली होती, परिच्छेद एकवीस. त्यांनी ती वाचायला सुरुवात केली.

"तज्ज्ञाच्या अभिप्रायानुसार, सीडीच्या वरील पृष्ठभागावर नोंद क्रमांक लिहिताना संबंधित कर्मचाऱ्याकडून अतिरिक्त दाब पडल्याने—"

"कोण?" स्वरूपा म्हणाली.

"काय?"

"संबंधित... ते. कोण ते?"

केळशीकरांनी कागद खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मी पेनाने नंबर घातला, त्याने गेली. तू मागितलीस तेव्हाही गेलेलीच होती. दहावीचा निकाल लागला तेव्हाही. तुला नव्वद पडले असते तरी मी तुला बिघडलेली सीडीच परत दिली असती."

सुमित्राबाईंचा चमचा वाटीत तसाच राहिला. स्वरूपा बराच वेळ वडिलांकडे बघत राहिली. शब्द गोळा करायला तिला हल्ली तेवढा वेळ लागतच असे, त्यामुळे त्या बघण्यात आणखी काय होतं ते सांगता येत नाही.

"दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी सीडी खिडकीच्या उजेडासमोर धरली. तिने पाहिली.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. मग, "आठवा टापू. काय होतं तिथे?"

"गेमच्या कव्हरवर फक्त पहिल्या तीन टापूंची चित्रं आहेत."

"तुम्ही सांगा."

"मला कसं माहीत असणार?"

"बनवा."

"बनवा म्हणजे?"

"म्हणजे... मनानं."

केळशीकरांनी आयुष्यात मनाने काही लिहिलं नव्हतं. जे फायलीत आहे ते लिहायचं. जे नाही त्याला 'माहिती उपलब्ध नाही' म्हणायचं. त्यांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं. त्या वाटीकडे बघत होत्या.

"आठव्या टापूवर," ते म्हणाले आणि थांबले. "आठव्या टापूवर एक कार्यालय असतं."

"बंद असेल," स्वरूपा म्हणाली.

"का?"

"शनिवार. दुसरा."

सुमित्राबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून हसल्याचा आवाज आला, निदान सुरुवात तरी हसण्याची होती.

"लिहून आणा," स्वरूपा म्हणाली. "पाचही. उद्या."

केळशीकर त्याच संध्याकाळी टेबलाशी बसले. आठव्या टापूचं कार्यालय त्यांनी सोमवारी उघडलं. तिथे एक म्हातारा कारकून होता, त्याच्याकडे साठ वर्षांची न वाटलेली पत्रं होती, आणि प्रत्येक पत्राचा मालक दुसऱ्या टापूवर राहायला गेलेला होता. इथवर बरं जमलं. पण नववा टापू लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की कारकुनाने दिलेली पत्रं बोटीत मावणार नाहीत. मग आठवा बदलावा लागला. दहाव्यात वादळ घातलं, ते खोडलं. हा कच्चा मसुदा झाला, दुसऱ्या दिवशी. तिला कच्चा मसुदा वाचून दाखवावा असं त्यांच्या मनात आलं होतं. पण कच्चा मसुदा पुढे ठेवायची त्यांना सवय नव्हती. तिसरा दिवस दुरुस्त्यांत गेला. चौथ्या दिवशी त्यांनी पक्की प्रत केली, ठळक अक्षरात, समासासह, अकरा पानं.

"अहो, जे असेल ते वाचा ना," सुमित्राबाई रोज म्हणत होत्या. "ती विचारतेय."

"झालंच. एवढं पान."

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते पानं घेऊन पलंगापाशी आले. स्वरूपाचे डोळे उघडे होते. सकाळपासून ती विचारत नव्हती, पाणीसुद्धा मागत नव्हती. नाव घेतलं तरी वळत नव्हती. केळशीकरांनी घसा साफ केला आणि आठवा टापू पहिल्या ओळीपासून वाचला. म्हाताऱ्या कारकुनाशी ते आले तेव्हा त्यांनी मान वर केली. ती छताकडे बघत होती. त्यांनी पान उलटलं.

"अहो, पुरे," सुमित्राबाई म्हणाल्या.

"अजून चार राहिलेत."

"पुरे म्हटलं ना."

नऊ दिवसांनी, सकाळी सव्वासहाला, ती गेली. सगळे अर्ज केळशीकरांनीच भरले. एकाही अर्जात दुरुस्ती निघाली नाही. खिडकीत ऊन आलं की त्यातला शेवटचा अर्ज टेबलावर वाचता येतो. सुमित्राबाईंनी त्या जागेवर वर्तमानपत्र पसरून ठेवलंय.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी केळशीकरांनी फाइल बंद करायला घेतली. बंद करताना वर लिहावं लागतं, कायम जतन करायची की ठराविक मुदतीनंतर नष्ट. त्यांनी 'कायम जतन' लिहिलं, मार्करने. अकरा पानं उजव्या बाजूला लावली. जप्त वस्तूंच्या वहीत सतराव्या नोंदीपुढे 'परत केली' हा रकाना अठरा वर्षं रिकामा होता. तिथे काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. वही तशीच मिटली.

अनुरागचा लॅपटॉप आणि ड्राइव्ह अजून तिच्या खोलीतच होते. न्यायला तो आला नव्हता. केळशीकरांनी सीडी आत घातली आणि तो जसं करायचा तसं केलं.

अडुसष्ट टक्के.